पहिला बार कुणाचा

टायर रिमवर नीट बसला की आवाज होतो. बारीकसारीक नव्हे, कानठळ्या बसवणारा. हवा आत घुसते, टायरची कड फुगत फुगत रिमच्या काठाशी येते आणि एकदम खाचेत जाऊन बसते, ठाण्‌कन. नवखं गिऱ्हाईक दचकून मागे सरतं आणि दुकानातला माणूस मान डोलावतो. या धंद्यात त्याला 'टायर बोलला' म्हणतात. बोलला म्हणजे बसला, बसला म्हणजे काम झालं, चला, पुढचं आणा. निम्मं आयुष्य हे ऐकलेल्या माणसाला तो आवाज वाटतच नाही. घरच्या बाईला भांड्यांचा आवाज ऐकू येतो का? तसंच ते.

या गोष्टीतला टायरवाला तसलाच. अंगाने दांडगा, मनाने अगदी पातळ. ट्रकचं चाक एकटा उचलेल, पण दारात पोलिसांची गाडी थांबली की याची पाचावर धारण बसायची. का, तर काही नाही. उगाच. बायको म्हणायची, "तुम्हाला त्यांनी नुसतं नाव विचारलं तरी तुम्ही गुन्हा कबूल कराल." तो हसायचा, पण त्यात खोटं काही नव्हतं.

दुकान म्हणजे पत्र्याची लांबट खोली. पुढे लोखंडी शटर, आत कॉम्प्रेसर, भिंतीला लागून टायरांच्या चळती, आणि रबराचा असा वास की घरी जाऊन साबण लावला तरी हटायचा नाही. समोर, रस्त्यापलीकडे, जिना चढून गेलं की एक खोली. तिथे गार्डकाका राहायचे. जन्मभर बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभे राहिले, एकदाही चालवायची वेळ आली नाही, आणि त्याचाच त्यांना अभिमान. "बंदूक ही दाखवायची वस्तू आहे रे," ते म्हणायचे. "चालवावी लागली म्हणजे गार्ड नापास."

निवृत्त झाले तरी बंदूक स्वतःच्या परवान्याची म्हणून घरीच राहिली. बायको गेली, मूलबाळ नव्हतं. कान निम्मे गेलेले. रोज सकाळी रस्ता ओलांडून यायचे, दुकानातल्या एका जुन्या टायरवर बसून चहा प्यायचे आणि टायरवाल्याच्या बायकोला 'पोरी' म्हणायचे. ती डब्यातलं अर्धं त्यांना वाढायची. नातं विचाराल तर काहीच नाही. पण तिच्या सख्ख्या काकाने कधी तिची एवढी विचारपूस केली नव्हती, हेही तेवढंच खरं.

घरमालकाला ती खोली हवी होती. कागद झाले, तारखा झाल्या, आणि एका भर दुपारी पोलीस खोली रिकामी करायला आले. काकांनी दार आतून लावलं, खिडकीतून दुनळीचं तोंड बाहेर काढलं आणि सांगितलं, जो जिना चढेल त्याला गोळी घालीन. दाखवायची वस्तू त्यांनी जन्मात पहिल्यांदा मनापासून दाखवली. झालं. आणखी गाड्या आल्या, रस्त्याची दोन्ही तोंडं बंद झाली, शिपाई गाड्यांच्या आडोशाला बंदुका रोखून बसले. भोंग्यावरून ओरडून सांगितलं गेलं की दुकानं लावा, आतच थांबा, कुणी बाहेर पडू नका.

टायरवाल्याने शटर ओढलं. बायको डबा घेऊन आली होती, तीही आतच अडकली. पत्र्याच्या खोलीत दोघं, अंधुक दिवा, आणि बाहेर तो भोंगा. बंदूक खाली टाका. हात वर करून बाहेर या. मग शांतता, मग पुन्हा तेच. म्हाताऱ्याला निम्मं ऐकू जात नाही हे त्या भोंगेवाल्याला कोण सांगणार? बायको म्हणाली, "मी जाते. माझं ऐकतील." टायरवाल्याने तिचा दंड धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. ती शेवटी हात सोडवून शटरच्या फटीशी गेली आणि बाहेर बघत उभी राहिली.

भ्यालेल्या माणसाचे हात काहीतरी काम शोधतात. मशीनवर एका टेम्पोचा टायर अर्धवट चढवलेला पडला होता. उस्तादाने पहिल्याच दिवशी कान धरून शिकवलं होतं की रिमवर अर्धा टायर सोडून उठायचं नाही, कड मुडपते. त्याने साबणाचं पाणी कडेवरून फिरवलं. नोझल लावलं. मनात काही म्हणजे काही नव्हतं, हातांनी आपलं आपण चालवलं होतं. हवेची फूस ऐकून बायकोने मान वळवली, "अहो," एवढंच म्हणाली, आणि टायर बोलला.

बंद शटर आणि चारी बाजूंनी पत्रा. आवाज दुप्पट झाला. त्याच्या पाठोपाठ बाहेर जे सुरू झालं ते त्या दोघांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सगळीकडून गोळ्या, काचा फुटण्याचा आवाज, कुणाच्या तरी शिव्या. मध्येच वरून एक जाड, जुना धडाका झाला आणि रस्त्यावर कुणीतरी "लागली, मला लागली" म्हणून विव्हळायला लागलं. मग सगळं थांबलं. दोघं टायरांच्या चळतीमागे फरशीला चिकटून पडले होते. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. नोझल त्याच्या हातात तसंच होतं, हवा सुटत होती.

काका वाचले. मांडीत गोळी, तोंडाला काचा लागलेल्या. त्यांच्या गोळीने एका तरण्या शिपायाचा खांदा फोडला होता, तोही वाचला. पोलिसांनी जाहीर केलं की आरोपीने आधी गोळी झाडली, आम्ही उत्तर दिलं. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. वकिलाने साध्या शब्दांत सांगितलं, आधी झाडली असेल तर म्हातारा तुरुंगातच मरेल. समोरून गोळ्या आल्यावर घाबरून झाडली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे सगळं येऊन त्या पहिल्या आवाजावर अडलं.

गल्लीतला सलूनवाला बोलण्यात वस्ताद. त्याच्या खुर्चीत मान अडकली की ऐकून घ्यावंच लागायचं, वस्तरा त्याच्या हातात असायचा ना. "दुनळीत काडतुसं दोन," तो सांगायचा. "एक उडालेलं, एक जागच्या जागी. काकांनी शिपायाला मारली ती एक. मग पहिला बार कुणाचा?"

"म्हणतात म्हाताऱ्याने मध्येच पुन्हा भरलं," कुणीतरी म्हणायचं.

"भरलं? तो माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतो. गोळ्या अंगावर येताना तो काडतूस बदलत बसेल?"

लोक हसायचे. हळूहळू भिंतींवर कागद चिकटले, 'पहिला बार कुणाचा?' कोर्टासमोर माणसं जमायला लागली. गल्लीचं मत ठाम होतं, पोलिसांनीच आधी झाडली आणि आता म्हाताऱ्यावर ढकलतायत. पोलीसही तेवढेच ठाम, आवाज खिडकीतूनच आला. दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत होते, हीच तर पंचाईत. टायरचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आणि ज्याच्या डोक्यातून ते जात नव्हतं तो तोंड शिवून बसला होता. पोलीस चौकशीला आले तेव्हा त्याने सांगितलं, "आम्ही घाबरून पडलो होतो साहेब, काही कळलं नाही." खाली सही केली. सही करताना हात असा हलला की जबाब घेणाऱ्याने विचारलं, बरं नाही का? बायकोनेच बजावलं होतं, "तोंडातून ब्र काढायचा नाही. आपल्याला लेक आहे." बोलला तर पोलीस म्हणणार, आम्ही आत गप्प बसा सांगितलं होतं, तूच आम्हाला गोळ्या झाडायला लावल्यास. आणि गल्ली म्हणणार, काकांना तू घालवलंस, वर इतके दिवस आमच्यात बसून चहा पीत होतास. इकडे आड, तिकडे विहीर. मोठी चाकं त्याने घेणंच बंद केलं. कुणी आणलं की कंबर धरलीय सांगायचा. नुसते पंक्चर काढायचा आणि तेवढ्यातही रस्त्यावर कुठे दार आपटलं की हातातलं हत्यार खाली पडायचं.

"कंबरेचं काय ते एकदा दाखवून घ्या," सलूनवाला म्हणाला. "नाहीतर या, मी चोळून देतो."

तो माणूस चांगलाच होता, म्हणून तर टायरवाल्याला त्याची जास्त भीती वाटायची.

खटला उभा राहायच्या आदल्या दिवशी दुपारी बायको तुरुंगात काकांना भेटून आली. दुकानात शिरली ती सरळ कॉम्प्रेसरशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. पदराने तोंड पुसलं, पण तोंड काही कोरडं होईना.

"उद्या ते कबूल करणार आहेत," ती म्हणाली.

"काय कबूल करणार?"

"पहिली गोळी आपणच झाडली म्हणून." तिला धाप लागली होती. "मला म्हणाले, पोरी, एवढे सगळे साहेब लोक सांगतायत. मला एक मोठा आवाज आठवतो, मग काचा. बोट तर चापावरच होतं. दाबलं गेलं असेल. मलाच कळलं नसेल. जन्मभर एक गोळी झाडली नाही आणि शेवटी हे केलं, म्हणाले. लहान पोरासारखे रडत होते हो. त्यांना खरंच वाटायला लागलंय."

टायरवाला खाली बसला. काकांना शिक्षा होईल ही भीती त्याने इतके दिवस कशीबशी गिळली होती. पण काकांनी स्वतःबद्दल असं मानावं, हे त्याने कधी मनातही आणलं नव्हतं. "तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? माझ्या तोंडाला मीच कुलूप घातलंय." ती त्याच्याकडे बघत राहिली. "आता मी तुम्हाला काही सांगणार नाही. एकदा सांगितलं तेच चुकलं."

"मला धरतील."

"धरतील."

"गल्ली तोंडावर थुंकेल."

"थुंकेल," ती म्हणाली. आणि ज्या टायरवर काका बसायचे तो तिने उगाच पायाने सरकवून नीट केला.

पुढे काही बोलणं व्हायच्या आत दारात पोलिसांची गाडी उभी राहिली. गाडीतून उतरला तो तोच तरणा शिपाई, डावा हात गळ्यात अडकवलेला. बरा होईपर्यंत त्याला गाडीबरोबर फिरायचं काम दिलं होतं. त्याने मागचं दार उघडून नवा टायर आणि रिम दाखवली. "चढवून द्या. साहेबांना लगेच निघायचंय."

"साहेब, माझी कंबर धरलीय. पुढच्या चौकात एक जण आहे..."

"आत्ता," शिपाई म्हणाला, आणि खिशातला फोन वाजला म्हणून बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

नाही म्हणायची टायरवाल्याची छाती नव्हती. त्याने टायर मशीनवर घेतला, साबणाचं पाणी फिरवलं, कड आत सारली. नोझल हातात घेतलं आणि थांबला. सांगावं का, साहेब, जरा लांब व्हा, आवाज होईल? तोंड उघडलं आणि मिटलं. बायको भिंतीशी तशीच उभी होती. तिने डोळे मिटून घेतले. त्याने हवा सोडली.

ठाण्‌कन आवाज झाला आणि शिपाई दिसेनासा झाला. तो गाडीच्या चाकाआड पालथा पडला होता, फोन रस्त्यावर, आणि चांगल्या हातात पिस्तूल. पिस्तुलाचं तोंड दुकानाकडे नव्हतं. ते समोर होतं, वर, काकांच्या खिडकीकडे. फळ्या ठोकून बंद केलेल्या, आत चिटपाखरू नसलेल्या त्या खिडकीकडे त्याने नेम धरला होता.

मग शिपायाने हळूहळू मान वळवली. खिडकी, मशीन, टायर, टायरवाल्याच्या हातातलं नोझल. पिस्तूलही मानेबरोबर वळलं, त्याला ते कळलंसुद्धा नसावं. आता हा चाप ओढतो, असं टायरवाल्याला अगदी खात्रीने वाटलं.

"त्या दिवशी," शिपाई म्हणाला. "हाच?"

टायरवाल्याने मान हलवली.

शिपायाला पिस्तूल परत कमरेला लावता येईना, हात चुकत होता. शेवटी ते लागलं. तो आत आला आणि काकांच्या टायरवर मटकन बसला. चेहरा पांढराफटक. "मी लिहून दिलंय, आवाज खिडकीतून आला म्हणून," तो म्हणाला. "सगळ्यांनीच दिलंय. मी खोटं नाही बोललो हो. मला तिथूनच ऐकू आला."

"मला माहीत आहे," टायरवाला कसाबसा म्हणाला.

"आता उलटं बोललो तर खोटा ठरेन. नोकरी जाईल. सगळे म्हणतील, याने आधी झाडली म्हणून लपवतोय." तो उठला. आवाज साहेबांसारखा करायला गेला, पण तो मधेच चिरकला. "तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. समजलं? चाक बसवा."

टायरवाल्याने चाक बसवलं, नट आवळले. वाकून काम करता करता त्याला त्या पोराचे बूट दिसत होते. एका जागी ठरत नव्हते. हाही माझ्याएवढाच भ्यालाय, टायरवाल्याला वाटलं, फक्त याच्या कमरेला पिस्तूल आहे. त्याने काही भीती कमी झाली नाही. उलट वाढलीच.

दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेर रस्ता भरून माणसं होती. सलूनवाल्याने हातात कागद धरला होता, 'पहिला बार कुणाचा?' टायरवाल्याला बघून तो मोठ्याने म्हणाला, "आलात? शाब्बास. आपल्यासारख्यांनीच यायला पाहिजे." टायरवाला मान खाली घालून आत गेला. दोनदा मागे फिरला. दोन्ही वेळा बायको जिथल्या तिथे उभी राहिली, म्हणून परत आला.

आत बाकांवर जागा नव्हती. भिंतीला ओळीने पोलीस, त्यांत गळ्यात हात अडकवलेला तो शिपाईही. काका पिंजऱ्यात काठी धरून उभे होते. एवढ्याशा दिवसांत निम्मे झाले होते. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, कबूल आहे का?

काकांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

न्यायाधीशांनी पुन्हा, मोठ्याने विचारलं.

"आता सगळेच म्हणतात तर," काका म्हणाले, "माझ्याच हातून..."

टायरवाला उभा राहिला. रात्रभर मनात घोकलेलं सगळं धुवून निघालं होतं. गुडघे इतके लटपटत होते की पुढचा बाक धरावा लागला. "साहेब, पहिला बार माझा," तो म्हणाला.

एका क्षणात चार पोलीस त्याच्याकडे वळले. कुणीतरी ओरडलं, "बंदूक कुठे आहे याची?"

"बंदूक नाही, टायर," तो म्हणाला, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याने सांगितलं. अडखळत, मागचं पुढे, पुढचं मागे करत सांगितलं. शटर लावलेलं होतं. हातांना काम हवं होतं. टायर बसला. त्याचा तो आवाज, आणि मग बाहेर सगळं सुरू झालं. मला त्याच वेळी कळलं होतं. तेव्हापासून मी गप्प आहे, भीतीने. दारात उभ्या सलूनवाल्याच्या हातातला कागद खाली आला होता आणि तो टायरवाल्याकडे असा बघत होता की ती नजर टायरवाल्याला जन्मभर पुरली असती.

न्यायाधीश म्हणाले, याला बाहेर न्या, जबाब घ्या. पोलिसांच्या साहेबाने मानेनेच खूण केली. सगळ्यात जवळ तो तरणा शिपाईच होता. तो आला आणि चांगल्या हाताने त्याने टायरवाल्याची बाही धरली.

"काय म्हणाला तो?" पिंजऱ्यातून काका विचारत होते. "मला नीट आलं नाही. पोरी, काय म्हणतो तो?"

बायको उठली. कोर्ट आहे, बोलायचं नसतं, याचं तिला काही वाटलं नाही. "काका, पहिला आवाज आमच्या टायरचा होता," तिने मोठ्याने सांगितलं. "तुम्ही नाही झाडली."

"मी नाही?"

"तुम्ही नाही काका. आधी तुम्ही नाही."

म्हाताऱ्याने काठी पिंजऱ्याला टेकवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग काकांनी हात काढले आणि त्या शिपायाकडे पाहिलं, त्याच्या गळ्यातल्या हाताकडे.

"तुला लागली ती मात्र माझीच रे पोरा," ते म्हणाले. "ती मी झाडली. ती माझी."

टायरवाल्याच्या बाहीवरचा हात कापायला लागला. तो कंप त्याने लगेच ओळखला, इतके दिवस तो त्याच्याच अंगात होता. साहेब मागून म्हणाला, "काय बघतोस? घेऊन चल त्याला." शिपायाने न्यायाधीशांकडे पाहिलं.

"पाय कापतात," टायरवाला त्याला हळूच म्हणाला. "पण उभं राहता येतं."

शिपायाने बाही सोडली नाही. पण तो दाराकडे चालायलाही लागला नाही.